फुलं हवेत असताना

नागभीडला आमच्या गल्लीत एक फोटोग्राफर राहायचे. सगळे त्यांना फोटोवाले भाऊच म्हणायचे. प्रत्येक फोटोनंतर रोल पुढे सरकवायची त्यांच्या अंगठ्याला इतकी सवय, की चहा पितानाही तो कपाच्या कानावर फिरत राहायचा.

ताईच्या हळदीत त्यांचा जुना कॅमेरा अडकून बसला. नवरदेवाच्या भावानं आपला कोरा डिजिटल कॅमेरा दिला. त्यात बटण दाबल्यावर फोटो उशिरा निघायचा. हळद लावणारे हात निघून गेलेले, नुसते पिवळे गाल उरलेले. मी धास्तावलो.

"भाऊ, दुसऱ्या कोणाले बोलावू का?"

"काऊन? हा उशिरा आयकते, तं मी त्याले आधी सांगतो."

लग्नाच्या सकाळी ते ओट्यावरून उड्या मारणाऱ्या शेळ्यांचे फोटो काढत बसले, शेळीनं पाय उचलायच्या आतच बटण दाबत. पाहुणे हसत होते.

बुद्धवंदना झाली, हार घातले. फुलं उधळायला लोकांच्या मुठी उघडणार, त्याच्या आतच भाऊंनी बटण दाबलं. आम्ही कॅमेऱ्यावर वाकलो. सगळी फुलं हवेत होती आणि ताई मान वर करून हसत होती.

भाऊंचा अंगठा त्या कॅमेऱ्यात नसलेला रोल ऐटीत पुढे सरकवत होता.