सुईचा कौल

आबांच्या, म्हणजे माझ्या वडलांच्या, फुप्फुसातल्या गाठीत पहिल्यांदा सुई घातली तेव्हा मी खोलीबाहेर बसले होते. सीटी स्कॅनच्या मशीनवर पालथं झोपवतात, पडद्यावर गाठ बघत पाठीतून सुई आत नेतात आणि कणभर तुकडा काढतात. तेवढा वेळ श्वास रोखायचा. मुठा खोऱ्यातल्या भातखाचरांत जन्म गेलेले आबा बाहेर येऊन म्हणाले, भातलावणीला वाकण्यापेक्षा हे सोपं.

रिपोर्ट आला त्या दिवशी डॉक्टरांनी मला एकटीलाच आत घेतलं. तुकड्यात कॅन्सरच्या पेशी सापडल्या नव्हत्या, पण त्यांचा चेहरा काही हलका झाला नाही. गाठीत मेलेला भागही असतो, सुई तिथंच गेली तर हाती काही लागत नाही, स्कॅनवरून गाठ चांगली वाटत नाही, पंधरा दिवसांत पुन्हा सुई घालू, असं त्यांनी दोनदा समजावलं.

गाडीत आबांना मी सांगितलं, "काही निघालं नाही." नरो वा कुंजरो वा. धर्मराजाला निदान युद्ध जिंकायचं होतं. मला फक्त रडारड न होता घर गाठायचं होतं. बाकीचं उद्या सांगू, असं मी ठरवलं.

दुसऱ्या दिवशी आबांनी गावच्या देवीला नारळ फोडला. आमच्याकडे देवीला कळ्या लावून कौल मागतात. उजवी कळी पडली की काम होणार. आबा म्हणाले, "सुईनं उजवा कौल दिला. आता परत इचारायचं न्हाई." त्या दिवशी, आठ दिवसांत पहिल्यांदाच, ते पोटभर जेवले. मी भूगावला माझ्या फ्लॅटवर परतले आणि तो 'उद्या' चार महिने पुढं ढकलत राहिले. भित्री होते, दुसरं काही नाही.

मग खोकल्यातून रक्त आलं. दुसऱ्या सुईत कॅन्सर सापडला, आणि तोवर तो हाडांत पोचला होता. डॉक्टरांनी आबांसमोरच विचारलं, तेव्हाच पुन्हा बोलावलं होतं, मग आला का नाहीत? आबांनी माझ्याकडे पाहिलं. माझी मान खाली गेली, तेवढ्यावरून त्यांना सगळं कळलं असावं.

"पोरगी रोज म्हनत हुती," ते डॉक्टरांना म्हणाले. "मीच आलो न्हाई."

मी एकदाही म्हटलं नव्हतं.