पारावर मिटलेलं प्रकरण

झरीच्या पल्याडच्या एका लहानशा गावच्या चांगुणाबाई पोलीस पाटील. पद मिळवलं रीतसर परीक्षा देऊन. पण ‘पाटील’ म्हटलं की ठाण्यापासून गावापर्यंत सगळे बघणार त्यांच्या नवऱ्याकडं, भगवानरावांकडं. पंचनाम्याला पंच पाहिजेत, बंदोबस्ताला खुर्च्या पाहिजेत, जमादाराचा फोन त्यांनाच. बाईंनी हे हसण्यावारी नेलं होतं.

वैष्णवीच्या वेळी मात्र हसू आलं नाही.

शेळ्या राखणाऱ्या ग्यानबाची ही लेक, अकरावीला सायकलवर झरीच्या कॉलेजात जायची. ओढ्याच्या पुलावर गावातली दोन पोरं तिला अडवायची, ओढणी ओढायची. पोरीनं धीर करून बाईंना सांगितलं, बाईंनी लगोलग ठाण्याला कळवलं. जमादार आला तो थेट पारावर. भगवानराव, ग्यानबा, पोरांचे बाप जमले. चहा झाला, पोरांनी कान धरले, नारळ फुटला. बाईंना कळलं ते भगवानराव जेवायला बसल्यावर.

“आन् वैष्णवी?”

“तिला कशाला पारावर? ग्यानबा म्हनला, आता घरीच ठिवतो. स्थळं बघायलाय.”

तव्यावरची भाकर करपली, तरी बाईंचं लक्ष नाही. “म्हंजी पोरं पुलावर मोकळी आन् पोरगी घरात! मिटलं म्हनं! तिचं शिक्षान मिटवलं तुमी!”

दुसऱ्या दिवशी त्या बापलेकीला घेऊन ठाण्यात निघाल्या. ग्यानबा अडखळला, “बाई, लय आब्रूचं काम हाय.”

“आब्रू अडवनाऱ्याची जाती, सायकलवालीची न्हाई. चल.”

जमादारानं खुर्ची दिली आणि दाराकडं बघत विचारलं, “पाटील नाही आले?”

“पाटील तुमच्या समोर बसल्यात. नवरा म्हशीपाशी हाय. म्हशीची काही तक्रार असंल तर त्यांना फोन लावा.”

महिला शिपाई खुदकन हसली. जमादार ओशाळला. “अहो, गावातलं गावात मिटलं तर बरंच की.”

“बरं कुणाला, सायब? या पोरीला कुणी इचारलं?”

मग विचारलं. महिला शिपायापुढं वैष्णवी पहिल्यांदाच सगळं बोलली. ग्यानबा ऐकतच राहिला. ओढणीचं त्याला ठाऊकच नव्हतं. पारावर कुणी तो शब्दच काढला नव्हता. नुसती ‘चेष्टामस्करी’ म्हणाले होते.

“लिवा सायब,” तो म्हणाला, “सगळं लिवा.”

तक्रार झाली. पुलावर उद्यापासून शिपाई उभा करतो, तुम्हाला कळवतो, असं जमादार बाईंना म्हणाला.

“कळवू नका, या. मी पुलावरच आसंन.”

पायऱ्या उतरताना ग्यानबा हळूच बोलला, “बाई, त्या स्थळवाल्यांना आता न्हाई म्हनून सांगावं लागंल.”

“मग सांग की!” चांगुणाबाई अजून धुमसतच होत्या.