बुटकी खुर्ची

आजोबांनी फर्निचरच्या कारखान्यात एकेचाळीस वर्षं खुर्च्या जोडल्या. तरी घरात त्यांच्या हातची एकच खुर्ची होती, आणि तीही इतकी बुटकी की मोठ्या माणसाचे गुडघे हनुवटीला लागत. तिच्यावर आधी त्यांचा मुलगा वाढला, मग नात.

ती कामाच्या पहिल्या आठवड्यातली. डुगडुगत होती, म्हणून आजोबांनी एक पाय कापला. मग दुसऱ्या बाजूनं डुगडुगली, म्हणून दुसरा. जेवणाच्या सुट्टीपर्यंत करवत थांबली नाही. शेवटी मिस्त्री आले. "अरे शहाण्या, खुर्ची सरळ होती. फरशी वाकडी आहे!" कारखाना पोट धरून हसला. आजोबांचं नाव पडलं बुटके, आणि पुढे ते स्वतः मिस्त्री झाले तरी सुटलं नाही. बुटके मिस्त्री. उंची सहा फूट.

त्यानंतर मात्र त्यांची एकही खुर्ची दुरुस्तीला परत आली नाही. सांधा आधी चिकटवायचा सरस न लावता कोरडाच बसवून बघायचा, जरा हलला की पुन्हा पटाशी घ्यायची. "सगळं सरसानंच धरायचं, तर मग आपण कशाला?" असं म्हणत.

नात त्याच कारखान्यात उमेदवारीला लागली. सहा महिन्यांनी परीक्षा. एक खुर्ची करायची. जमली तर नोकरी कायम, नाहीतर घरी. मुकादमांनी तिची खुर्ची खिडकीखाली ठेवून कोपरा दाबला. टक. टक.

"डुगडुगतेय," म्हणत त्यांनी करवत पुढे केली. "घे. अर्धा तास."

नातीचे कान तापले. चारही पाय तिनं तीनतीनदा मोजले होते. करवत घेऊन ती खाली बसली. कोणता कापायचा? पायाखालची फरशी दिसली, आणि तिला एकदम हसू फुटलं. करवत बाजूला ठेवून तिनं खुर्ची उचलली आणि बंद मशीनच्या सपाट लोखंडी टेबलावर नेऊन ठेवली. चारही कोपरे दाबले. आवाज नाही.

"मुकादमकाका, खुर्ची सरळ आहे. फरशी वाकडी आहे."

मुकादमांनी कपाळाला हात लावला. "बुटक्यांची नात शोभतेस! नोकरी कायम. मलाही त्यांनी इथंच करवत दिली होती."

"मग?"

"मग काय, दोन पाय कापले मी. परीक्षा पुन्हा द्यावी लागली. ती खुर्ची घरी आहे अजून. बायको तिच्यावर बसून भाजी चिरते."

संध्याकाळी आजोबा दारातच उभे होते. "कापलास का एखादा?"

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं! सांगितलं का नाही?"

"लहानपणापासून दुसरं काय सांगतोय?" त्यांनी तिचे हात उलटे करून तळव्यांवरचे घट्टे बघितले, मान हलवली. मग कोपऱ्यातल्या खुर्चीकडे पाहून हळहळले.

"कापला असतास तर बिचारीला जोडी मिळाली असती."