खिडकीला बांधलेलं जाळं

"मोरीसारखो दांडगो मासो ह्या जाळ्यातसून कधी सुटलो नाय, ह्यो खंयसून सुटतलो?" वहिनीच्या मुलाकडे बोट दाखवत काका तिला सांगत होते. सगळे हसले. मी चहाचा ट्रे घेऊन माडीच्या दारात उभी होते.

तारकर्लीच्या घरावर काकांनी पर्यटकांसाठी ही माडी चढवली, तेव्हा समुद्र नीट दिसावा म्हणून खिडकीला गज लावलेच नाहीत. खिडकी रुंद, तिचा कट्टा जेमतेम माझ्या गुडघ्याइतका. दादा-वहिनी दोन वर्षांच्या मुलाला घेऊन पुण्याहून येणार म्हटल्यावर काकांनी अंगणातल्या होडीवर उन्हात पडलेलं जुनं नायलॉनचं जाळं आणलं आणि खिळे ठोकून चौकटीवर ताणलं. वीज गेली की उकडतं, म्हणून खाटही खिडकीलाच लावलेली.

"काय गो इंग्लिश मिडियम, चाय थंड करतंस काय?" काकू म्हणाली.

मी कप दिले आणि खिडकीशी गेले. कोपऱ्यातला एक धागा नखानं ओढला. तो तुटला. दुसरा ओढला, तोही वाळल्या गवतासारखा तुटला. खाली अंगणातलं सिमेंटचं खळं होतं.

मी पटकन बोलत नाही. शाळेत इंग्रजी, घरी सगळे मालवणी, मी मात्र पुस्तकी मराठीत. वाक्य आधी मनात जुळवते, तोवर विषय पुढे गेलेला असतो. शिवाय काकांनी हौसेनं बांधलेलं जाळं. सगळ्यांसमोर त्यांना कसं सांगायचं?

"काका, हे..." एवढंच मी म्हटलं. ते दादाला माशांचे भाव सांगत होते.

मूल खाटेवर चढलं. उशीवर पाय देऊन उभं राहिलं आणि दोन्ही मुठींनी जाळं धरलं. पुण्याच्या फ्लॅटमध्ये ते असंच ग्रिल धरून, सगळं अंग पुढे टाकून उभं असतं. मी पाहिलंय.

"बघा, कसो खलाशी उभो ऱ्हवलो!" काकांनी टाळी वाजवली. ते आणखी पुढे झुकलं.

वरच्या खिळ्याजवळचा एक फासा सुटला, मग त्याच्या शेजारचा. काहीच आवाज झाला नाही. जाळं पोटासारखं बाहेर फुगलं. मी मुलाच्या कमरेला हात घालून त्याला मागे ओढलं. एका मुठीत जाळ्याचा तुकडा तसाच राहिला आणि त्यानं भोकाड पसरलं.

"रडवतंस कित्याक गो त्याका?" काकू.

"ठेव, ठेव खाली. पुण्याचा पोर, वाऱ्याक आसुसलेला," काका हसत म्हणाले. त्यांची खिडकीकडे पाठ होती. वहिनीनं हात पुढे केले.

मी त्याला सोडलं नाही. माझा आवाज मलाच परका वाटला, पण या वेळी वाक्य जुळवावं लागलं नाही.

"ठेवणार नाही. आधी ही खाट त्या भिंतीला न्या, खिडकी लावून घ्या. आणि काका, गज बसेपर्यंत ही खोली बंद ठेवा."