आक्का डिवचायच्या

आमच्या थोरल्या जाऊबाई, म्हणजे आक्का, कुणाची मनधरणी करत नसत. माणसाला डिवचायचं आणि जनावराला भुलवायचं, या दोन्हींत त्यांचा हात धरणारं आमच्या गौलीगुडा मोहल्ल्यात कुणी नव्हतं.

शेजारच्या बीबींची बकरी एकदा आमच्या गच्चीवरून पत्र्यावर चढली. पोरं पाला दाखवून बोलवत होती. ती आणखीच कडेला सरकत होती. आक्का म्हणाल्या, "दाखवता कशाला? धरणार आहात ते कळतं तिला." त्या हरभऱ्याची जुडी घेऊन गच्चीवर बकरीकडे पाठ करून बसल्या आणि स्वतःच सोलाणे खाऊ लागल्या. बकरीला राहवेना. तिनं मागून येऊन जुडीत तोंड घातलं, तसा आक्कांनी तिचा कान धरला.

नळवाला रोज "कल आतूं अम्मा" म्हणायचा. आक्कांनी फोन केला, "रहने दे बेटा, तेरे से नै होता. नारायणगुडे के बुड्ढे कू बुला लेतूं." तो तासाभरात दारात. "कौन बोला मेरे से नै होता?" आक्कांनी त्याच्यापुढं चहा ठेवला. मी म्हटलं, "आक्का, जीभ वाईट तुमची." म्हणाल्या, "असू दे. नळ गळायचा थांबला ना?"

मग आमचे हे गेले. तेरावं झालं तरी मी भिंतीकडे तोंड करून पडून होते. ताट यायचं तसं परत जायचं. मुलगा सलाईन लावायला निघाला. येईल ती बाई "दोन घास खा गं" म्हणायची. आक्का तेवढं म्हणाल्या नाहीत. एके दुपारी माझ्या उशाशी बसून त्या बायकांना सांगू लागल्या, "भाऊजींना अंबाडीची भाजी माझ्याच हातची लागायची. हिची फोडणी कायम कच्ची. बिचारे गुपचूप खायचे."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "खोटं बोलू नका आक्का! तुमच्या भाजीत कण्या टणक राहायच्या, हेच म्हणायचे ते."

"करून दाखव मग."

भिंतीला धरून उठले. अंबाडी उकडली, ज्वारीच्या कण्या मऊ शिजवल्या, लसणाची फोडणी लाल होऊ दिली. आक्कांनी एक घास खाल्ला. "मीठ कमी आहे."

"काही कमी नाही," म्हणत मी ताट ओढून घेतलं आणि सगळी भाजी संपवली.

गेल्या वर्षी आक्काही गेल्या. ह्यांना खरंच त्यांच्याच हातची भाजी लागायची का, ते मी आक्कांना कधी विचारलं नाही. लागत असेल तर मला अजून राग आहे. पण त्या दुपारी मला भूक लागली होती.