कुत्र्याचं अंथरूण

आमच्या दिवेआगरात थंडी ती काय! पण यंदा पौषात आमचा वाडीतला कुत्रा पहाटे थेट कुडकुडताना दिसला आणि माझ्यातला दानशूर जागा झाला. कुत्र्याला गार जमिनीवर झोपू देऊ नये, असं मी मोबाइलवर वाचलं होतं. मग पडवीत नारळाची सोडणं पसरली आणि वर माळ्यावरचं जाड गोणपाट घातलं. पावसाळ्याच्या बेगमीची सुकी मासळी, सुकट, आम्ही त्यातच भरतो.

बायको म्हणाली, "अहो, ते धुवून तरी घ्या!"

मी खेकसलो, "कुत्र्याला कसला आलाय वास?"

सकाळी पाहतो तर गोणपाटावर आळीतल्या पाच मांजरी ऐसपैस पसरलेल्या. पाहुण्यांच्या गाड्यांवर धावून जाणारा आमचा वाघ मात्र अंगणात, तुळशीमागे लपून कुडकुडत होता. मी मांजरी हाकलल्या, गोणपाट साबणाने तीनदा धुतलं, उन्हात वाळवलं. तरी मांजरी परत आल्याच आणि कुत्रा पडवीची पायरी चढेना.

शेवटी बायकोने मागच्या दारी एक जुनं कापड टाकलं. कुत्रा लगेच त्यावर वेटोळं करून घोरायला लागला. मी जवळ जाऊन पाहिलं, तो माझा रोजचा स्वेटर होता.

"अगं, माझा स्वेटर?"

ती शांतपणे म्हणाली, "कुत्र्याला कसला आलाय वास?"