शेजारची जागा

आणीबाणी उठली त्या वर्षी मी नाशिकहून रोज एसटीने चांदवडच्या शाळेत शिकवायला जायचो. दर मंगळवारी देवीला निघालेली एक म्हातारी आपल्या शेजारच्या जागेवर रुमाल टाकून बसायची आणि मी दोन तास उभा. वीस वर्षांपूर्वी तिने देवीला कौल लावला, तेव्हा उजवं फूल पडलं होतं. म्हणजे घर सोडून गेलेला तिचा मुलगा परत येणार. ही जागा त्याची.

एकदा मी वैतागून विचारलं, "आजी, देवीच्या तरी लक्षात असेल का आता?"

"इसरली आसंल, मास्तर. पण शबुद मोडायची नाय."



एका मंगळवारी ती पाणी प्यायला खाली उतरली, तेवढ्यात एकजण रुमाल सरकवून बसला.

"उठा," मी खेकसलो, "माणूस येणार आहे."

आणि चांदवडपर्यंत स्वतःलाच शिव्या देत उभा राहिलो.